जपानी काकांचे लबाड

जपानी काकांना सज्जन माणसांत फारसा रस नव्हता. त्यांना लबाड आवडत. मात्र लबाड दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा हवा, जपानचा हवा, आणि त्यानं लबाडी मन लावून केलेली हवी. फोनवर फसवा मेसेज आला की ते तो मला दाखवायचे आणि नाक मुरडायचे. "हल्लीचे चोर आळशी झाले. बँकेचं नावसुद्धा धड लिहून नाही राहिले."

काका मूळचे नागपूरचे. तरुणपणी एका औषध कंपनीतर्फे ओसाकाला गेले आणि काही वर्षं तिथंच राहिले. तिथल्या म्हाताऱ्या घरमालकाला संध्याकाळी कुणाशी तरी बोलायचं असे आणि काकांना भाषा शिकायची होती. म्हातारा बोलायचा ते सगळं जुन्या काळच्या ठगांबद्दल, खोट्या सामुराईंबद्दल आणि त्यांना पकडणाऱ्या न्यायाधीशांबद्दल. त्यामुळे काकांचं जपानी हॉटेलात जेवण मागवताना अडखळायचं, पण 'आरोपीला दोरखंडानं बांधून हजर करा' हे वाक्य ते अस्खलित म्हणत. पुढे ते न्यूझीलंडला आले आणि वेलिंग्टनजवळ पोरिरुआच्या फार्मसीत स्थिरावले. मी तिथं नोकरीला लागले तेव्हा काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. होते ते लबाड, आणि ऐकणारा सापडेल तिथं ते त्यांना बाहेर काढत.

फार्मसीत एक कटकट नेहमीची. सरकार गोळ्यांचा ब्रँड बदलतं, खोका निळ्याचा पांढरा होतो, आणि पेशंट काउंटरवर येऊन म्हणतो, या गोळ्यांनी मला बरं वाटत नाही. आम्ही दोन्ही गोळ्यांत औषध तेच आहे असं पटवत बसायचो. काका स्टूल ओढून चहाच्या वाडग्याची गोष्ट सुरू करायचे. जपानात जुना वाडगा लाकडी पेटीत ठेवतात आणि पेटीवर कुणा जाणकारानं आपल्या हातानं लिहिलेलं असतं की हा वाडगा अस्सल. एका बहाद्दरानं वाडग्यांच्या नादी न लागता फक्त पेट्या बनवल्या. आत बाजारातला कुठलाही वाडगा. मोठमोठे रसिक पेटीवरची अक्षरं बघून डोळे मिटायचे आणि त्याच वाडग्यातून चहा पिऊन धन्य व्हायचे. "लोक वाडगा कुठं बघतात? पेटी बघतात," असं काका इंग्रजीत सांगायचे आणि पेशंट हसत हसत पांढरा खोका घेऊन जायचा. मागं रांग वाढलेली असायची. ती आम्ही आवरायची.

माझ्या मुलीला त्यांची बासरीवाल्याची गोष्ट आवडे. जुन्या जपानात काही भिक्षू डोक्यावर गळ्यापर्यंत येणारी वेताची टोपली घालून, बासरी वाजवत भिक्षा मागायचे. तोंड दिसत नाही, त्यामुळे चोरांनाही तो वेष फार सोयीचा. असाच एक चोर एका श्रीमंताचं घर हेरायला टोपली घालून निघाला. पण बासरी वाजवता येत नसेल तर पकडला जाणार, म्हणून आधी शिकायला बसला. शिकता शिकता इतका रमला की घर हेरायचं राहूनच गेलं. "इज दॅट अ ट्रू स्टोरी?" मुलीनं विचारलं. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीतच देते. काका म्हणाले, "खरी असती तर इतकी चांगली नसती बेटा."

बाबा गेल्यावर मी आईला साताऱ्याहून कायमची इकडे आणली. आम्ही सगळे सकाळी बाहेर पडायचो आणि आई दिवसभर घरात, खिडक्या खडखडवणाऱ्या वाऱ्याबरोबर. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला ती हातवाऱ्यांनी दूध मागायची. संध्याकाळी मी आले की म्हणायची, आज एक शब्दसुद्धा बोलले नाही बघ. ती हळूहळू विझत चालली होती, ते मला दिसत होतं, आणि मला काही सुचत नव्हतं. तेवढ्यात काका निवृत्त झाले. त्यांचं घर आमच्या वरच्याच गल्लीत. मीच एका रविवारी तिला तिथं घेऊन गेले.

आईची एक सवय सांगायला हवी. मराठी माणूस भेटला की ती पहिल्या पाच मिनिटांत त्याचं आडनाव, गाव आणि मामाचं गाव काढून घ्यायची. त्यावरून काय ते ओळखायची. मग आपलं सांगायची: आमचं माहेर मोठं, आमचा मूळपुरुष थेट चितोडहून आला. इथल्या मराठी मंडळात चितोड माहीत नाही असं एक माणूस उरलं नव्हतं. पण काकांना सगळेच जपानी काका म्हणत. आईनं गाव विचारलं तर म्हणाले, "मी ओसाकाचा." आई खळखळून हसली. बाबा गेल्यानंतर तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग ती रोजच जायला लागली. दुपारचं आवरलं की केस नीट करून, पायात मोजे आणि वर माझ्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा अवतारात चढ चढायची. काका चहा करायचे, आई त्यांच्या चहाला नावं ठेवायची, आणि मग एक लबाड. संध्याकाळी ती गोष्ट मला पुन्हा ऐकावी लागे, तिच्या पद्धतीनं, म्हणजे सामुराईची बायको नऊवारीत. ती त्यांना 'अहो जपानवाले' म्हणायची, ते तिला ताई म्हणायचे. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाची एक मूर्ती होती. तिच्यासमोर आई हात जोडायची आणि घरी येऊन म्हणायची, "जपानचा भारीच नाद बाई यांना. देवसुद्धा तिकडचा."

मी त्यावर काही बोलत नसे. काकांच्या वाचायच्या खोलीत निळ्या कोटातली तसबीर होती, ती मी पाहिली होती. ती लपवलेली नव्हती. "ती पाहुण्यांसाठी नाही, माझ्या अभ्यासासाठी आहे," असं ते एकदा म्हणाले होते. आई त्या खोलीपर्यंत कधी गेली नव्हती, इतकंच. आई चांगली होती, मायाळू होती, आणि काही बाबतीत फार कडक होती. तिला कळलं तर ती चढ चढणं बंद करेल आणि पुन्हा खिडकीशी बसेल, ही धास्ती मला कायम असायची.

कळलं ते माझ्यासमोरच. त्या शनिवारी मीही गेले होते. काका वंशावळी विकणाऱ्याची गोष्ट सांगत होते. जपानात तेव्हा पैसेवाले व्यापारी पुष्कळ झाले होते, पण त्यांना मान नव्हता. मान सामुराईंना. मग एक हुशार माणूस गावोगाव फिरून व्यापाऱ्यांना जुनी सरदारी वंशावळ बनवून देऊ लागला. कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना करायचा, कडा उंदरांकडून कुरतडून घ्यायच्या. काका उंदरांपाशी थांबून स्वतःच खूप हसले. "उंदीर पाळले होते त्यानं, ताई! कामाचे उंदीर!" मग एका लग्नात दोन व्यापाऱ्यांनी आपापल्या वंशावळी काढल्या. दोघांचाही मूळपुरुष एकच सरदार. आणि तो सरदार तर लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. ठग पकडला गेला आणि न्यायाधीशापुढे उभा राहिला.

"असं आमच्यात नाही हं," आई मध्येच म्हणाली. "आमचं चितोडपासूनचं सगळं लिहिलेलं आहे." आणि मग, अगदी सहज, "तुमचं हो? खरं सांगा आता. घराणं कुठलं तुमचं?"

काकांनी कप खाली ठेवला. "ताई, आमचं घराणं माझ्याएवढंच जुनं आहे. माझ्या वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा मी त्यांच्या कडेवर होतो. तिथून आम्ही सुरू झालो. त्याच्या आधीचं कुणाकडून लिहून घ्यावं असं आम्हाला कधी वाटलं नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि संकोच तर मुळीच नव्हता. अर्धा चहा तसाच ठेवून आई उठली, "येते," म्हणाली आणि बाहेर पडली. उतरताना तिनं मला एकच विचारलं. "मग तो बुद्ध जपानचा नव्हे?"

"नाही आई. काकूंनी नागपूरहून आणलाय. विमानात मांडीवर घेऊन बसल्या होत्या."

त्यानंतर ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता, मग हवा बरी नव्हती, मग काहीच कारण सांगायची नाही. पुन्हा खिडकी आणि वारा. मी भांडून पाहिलं. "मी काही म्हटलंय का त्यांना?" ती म्हणायची. तिनं काही म्हटलं नव्हतं हे खरंच होतं. काका मला दुकानात भेटायचे, टोमॅटो निवडत असायचे. त्यांनी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एकदाच, निघता निघता म्हणाले, "ताईंना सांग, वरच्या गल्लीत वारा कमी झालाय." मला गाडीत बसून रडू आलं. माझ्या आईचा मला राग येत होता आणि तिची कीवही येत होती, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त मला त्या माणसापुढे लाज वाटत होती.

निरोप मी दिला. आईनं तो ऐकला आणि भाजी चिरत राहिली.

मग एका संध्याकाळी घरी आले तर आई नव्हती. ओट्यावरची पिठल्याची कढई आणि भाकरीचा डबा गायब. मी धावत चढ चढले. दार उघडंच होतं. दोघं स्वयंपाकघरात जेवत बसले होते, आणि काका भाकरीचा मोठा तुकडा मोडत होते. आईनं माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. "न्यायाधीशाचं काय झालं ते राहिलं होतं," ती म्हणाली. "सांगा हो जपानवाले."

काकांनी सांगितलं. न्यायाधीशानं ठगाला तुरुंगात धाडलं, घरी गेला, आणि देवघरातली आपल्या घराण्याची वंशावळ उघडून दिव्याशी धरली. कडेला उंदरांच्या दातांच्या खुणा.

या गोष्टीला सगळे हसतात. मी हसले. काका तर प्रत्येक वेळी हसायचे. आई हसली नाही. ती कढईतलं पिठलं निपटून त्यांच्या ताटात वाढत होती.

त्यानंतरचे महिने फार चांगले गेले. एवढंच लिहिता येतं, कारण त्यांत घडलं असं काही नाही. ती रोज जायची. मंडळातल्या कुणी तरी तिला खोचकपणे विचारलं की तुम्ही म्हणे रोज तिथं जेवता. "हो," आई म्हणाली, "त्यांना भाकरी येत नाही." काकांना खरं तर उत्तम भाकरी यायची. आता कधी संध्याकाळी त्या गल्लीतून जाते तेव्हा पाय आपोआप मंद होतात. त्या घरात दुसरं कुटुंब राहतं. तरी मला वाटतं की आतून काकांचा आवाज येईल, आई मध्ये बोलेल, आणि मग दोघं एकदम हसतील. आई-वडिलांची आठवण येते तशीच मला त्या स्वयंपाकघराची येते.

वसंताच्या सुरुवातीला काका गेले. हृदयाचं दुखणं होतं, ते त्यांनी आम्हा फार्मसीवाल्यांपासूनही सफाईनं लपवलं होतं. आदल्या दुपारी ते आईला लबाडाची गोष्ट सांगत होते, दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. मी फोन ठेवून सांगितल्यावर आईनं दोन कप काढले, मग एक परत ठेवला.

पोरिरुआतल्याच एका हॉलमध्ये सगळे जमले. वेलिंग्टन आणि हट व्हॅलीकडची बौद्ध कुटुंबं आली होती, फार्मसीतले पेशंट आले होते, मराठी मंडळही आलं होतं. त्रिशरण, पंचशील झालं. मग ज्याला बोलायचं त्यानं बोलावं असं ठरलं, आणि जो तो काकांची एखादी गोष्ट सांगू लागला. वाडगा झाला, बासरीवाला झाला. मग माझ्या शेजारून आई उठली. ती चारचौघांत कधी बोललेली नव्हती. तिनं माईक घेतला नाही.

"आमचा मूळपुरुष चितोडहून आला, असं मी इथं सगळ्यांना सांगितलंय," ती म्हणाली. "तो आला नव्हता. माझ्या आत्याची सोयरीक अडली होती. मुलाकडचे घराणं विचारत होते. आजोबांनी एका भाटाला महिनाभर घरी ठेवून घेतलं, तूप-पोळी घातली, आणि चितोड लिहून घेतलं. त्याच्या आधीचं कुणाला काही ठाऊक नाही. आजीनं मला सांगितलं आणि कुणाला सांगू नको म्हणाली. मी नाही सांगितलं. नवऱ्यालाही नाही."

आईनं पदर नीट केला.

"या माणसाला असल्या गोष्टींची फार हौस. त्यांनी मला इतक्या सांगितल्या. माझ्याकडे ही एकच होती. मी रोज ती त्यांच्या घरी घेऊन जायचे आणि तशीच परत आणायचे. म्हणायचे, उद्या सांगू."

ती खाली बसली. मी तिचा हात धरला. मागं कुणी तरी खाकरलं, आणि पुढचा माणूस बोलायला उठला. आई समोर फुलांत ठेवलेल्या काकांच्या फोटोकडे बघत होती.

"हसले असते गं ते," ती म्हणाली. "खूप हसले असते."