ताटातला हात

बुलीवाल्या आप्पांचा उजवा हात रोज कुत्र्याच्या ताटात असायचा. कुत्रं मान खाली घालून खात असलं की आप्पा शेजारी उकिडवे बसायचे, त्याच्या तोंडाला लागून भातात बोटं खुपसायचे, दाढेखालचा तुकडा ओढून काढायचे आणि परत द्यायचे. हे सगळं करताना त्यांची नजर कुत्र्याच्या तोंडावर नसायची, शेपटीवर असायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाम मला फुटला. कारण ती कुत्री आपल्या गल्लीतली नव्हेत. बुली ही विलायती जात, म्हणजे रुंद डोकं, फुगलेली छाती, आखूड पाय. लांबून पाहिलं तर अंगणात कुणी सिमेंटची गोण ठेवलीय असं वाटावं.

"हात घातल्यावर गुरगुरला तर चालेल," आप्पा सांगायचे. "गुरगुरणारा सांगून चावतो. शेपटी हलवणारा तर सोनाच. पण खाता खाता जो थिजला, तोंड थांबला, शेपटी थांबली, त्याला पिल्लांसाठी वापरायचा नाय, नि कोणाला द्यायचा पण नाय." असं थिजणारं पिल्लू ते विकत नसत आणि मारतही नसत. घराच्या मागे चिकूच्या झाडांखाली वेगळी जाळी होती, तिथे ते म्हातारं होऊन मरेपर्यंत राहायचं. त्यातल्या चंपी नावाच्या कुत्रीवर पालघरच्या एका गाडीवाल्या साहेबांचा फार जीव जडला होता. तीनदा येऊन गेले. आप्पांनी दर वेळी त्यांना पिशवीभर चिकू देऊन परत पाठवलं.

आमची ओळख कोंबड्यांमुळे झाली. माझं सालवडला चिकनचं दुकान. शटर उघडायच्या आधीच आप्पा स्कूटर लावून उभे असायचे. माना, पाय, पोटे, जे इतर गिऱ्हाइकं नाक मुरडून बाजूला करतात ते सगळं त्यांच्या डब्यात. तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर उभं आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते, आणि बोईसरहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडिलोपार्जित वाडीत त्यांनी हा कुत्र्यांचा संसार मांडला होता. तिथे चुलीवर मोठं पातेलं चढायचं. कणी, माना, लाल भोपळा, चमचाभर हळद, आणि मीठ अजिबात नाही. काकी, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायच्या, "माझ्या कालवणात मीठ कमी पडला तर आरडतात, नि कुत्र्यांच्यात चुकून पडला तरी आरडतात. या घरात मिठाचाच वांधा हाय."

आप्पांना डोक्याचं वेड होतं. बुलीची किंमत डोक्यात, असं ते म्हणत, आणि हळूहळू त्यांना माणसंही तशीच दिसू लागली होती. दुकानाच्या बाकावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याचं मोजमाप काढायचे. हा छातीत कमी आहे, त्याची मान चांगली बसलीय. पुतणीला पाहायला आलेल्या मुलाबद्दल सगळे पगार, घर, गोत्र विचारत होते, आप्पा शेवटी एवढंच म्हणाले, "डोका चांगला हाय, पण मागचे पाय बारीक." लग्न झालं, जावई आजही त्यांचं नाव काढल्यावर पँट वर ओढतो.

पण या वेडाच्या पोटात एक सल होता. डॉग शो लागला की आप्पा कुत्र्याला आंघोळ घालून, पट्ट्याला तेल लावून जायचे आणि हात हलवत परत यायचे. तिथे मुंबई-पुण्याची मोठमोठी मंडळी. त्यांची कुत्री एसी गाडीतून उतरायची, आमचं माझ्या टेम्पोतून. एकदा त्यातल्या एकाने आप्पांच्या देखत म्हटलं, "पालघरची ना? सुकटीवर वाढलेली दिसतात." आप्पा हसले. मला मात्र त्या माणसाचा असा राग आला की अजून आठवला तरी सुरी जोरात पडते.

मग गजा झाला.

आप्पा स्वतः मला दाखवायला घेऊन गेले. पिल्लू होतं, पण डोकं असं की बाकीची भावंडं त्याच्यापुढे मांजरं वाटावीत. आप्पांचे डोळे भरून आले होते. "असा डोका माझ्या हातून परत नाय होणार," ते म्हणाले. काकींनी ताटल्या आणल्या. आप्पांनी नेहमीसारखी एकेकाच्या ताटात बोटं घातली. शेपट्या पंख्यासारख्या फिरत होत्या. गजाच्या ताटात हात गेला आणि गजा थांबला. गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत. तोंडातला भात तोंडातच राहिला, शेपटी ताठ झाली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दिसलं. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी हळूच हात काढून घेतला.

"जंत झाले असतील," ते म्हणाले. "पोटात दुखत असला की होते असा."

जंतांचं औषध झालं. हवा बदलली. दात येऊन झाले. प्रत्येक वेळी नवं कारण सापडत गेलं, आणि तेवढ्यात गजा वाढला. मागची जाळी त्याच्यासाठी कधी उघडली नाही. मला कळलं ते काकींमुळे. एक दिवस भांडी घासता घासता, वर न बघता त्या म्हणाल्या, "सगळ्यांच्या ताटात हात घालतात. याच्याच नाय घालत." मी नीट पाहिलं तर खरंच. गजाचं ताट आप्पा जमिनीवर ठेवून काठीने पुढे सरकवत होते, आणि काठी हातात का आहे हे त्यांनाही ठाऊक नसल्यासारखं आभाळाकडे बघत होते.

पुढच्या शोला मीच टेम्पो नेला. गोलात कुत्री उभी राहिली. कुणी उड्या मारतंय, कुणी मालकाच्या पायात गुंतलंय. गजा एका जागी. परीक्षकांनी त्याचा जबडा दाबला, छाती चाचपली, पाठीवरून हात फिरवला. गजाचं अंग जरासुद्धा हललं नाही. परीक्षक मागे सरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "क्या टेंपरामेंट है! पत्थर जैसा खड़ा है." टाळ्या पडल्या. सुकटीवाले साहेबही वाजवत होते. मी गजाची शेपटी पाहिली, मग आप्पांकडे पाहिलं. तेही शेपटीच पाहत होते. ज्या गोष्टीवरून त्यांनी चंपीला जन्मभर जाळीत ठेवलं, तिच्याचसाठी त्यांच्या हातात कप आला होता.

परत येताना कप त्यांच्या मांडीवर होता. मनोरला चहाला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "आप्पा, आता तरी हसा." ते हसले, आणि कप सीटखाली ठेवून दिला.

त्यानंतर वाडीत रांग लागली. गजाची पिल्लं जन्मायच्या आधीच बोलून ठेवलेली. एक वाणगावला, एक शिरगावला, एक, बकुळी, माझ्याकडे, कारण माझ्या लेकीने पिल्लासाठी जेवण सोडलं होतं. एक सालवडच्या चाळीत राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराने नेलं. तो त्याला छातीशी धरून म्हणत होता, "अंकल, शेर का बच्चा है. मैं भूखा रहूँगा, इसको भूखा नहीं रखूँगा." आप्पांची रीत अशी की पिल्लू जरा मोठं होऊन, ताटात हात घालून पाहिल्याशिवाय दाराबाहेर जायचं नाही. या वेळी पिल्लं तशीच, लवकर गेली. "लोकांना घाई हाय," आप्पा म्हणाले. घाई लोकांना नव्हती, हे काकींना आणि मला दोघांनाही दिसत होतं.

आप्पांना ताप भरला तो त्यानंतर काही महिन्यांनी. डबा न्यायला ते आले नाहीत म्हणून माना घेऊन मीच वाडीवर गेलो. काकी ताटल्या वाढत होत्या. गजाच्या ताटात वाढायचा डाव पडला म्हणून त्या उचलायला वाकल्या. मी फाटकात होतो. मला आजही सगळ्यात जास्त आठवते ती शांतता. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. काकींच्या किंकाळीनेच कळलं. आप्पा तापाने लटपटत बाहेर आले, मी फाटकाचा लाकडी अडसर काढून धावलो. कसं सोडवलं ते आम्हा दोघांनाही नंतर नीट सांगता आलं नाही.

काकी वाचल्या. उजव्या हाताची मूठ मात्र पुन्हा वळली नाही. तांदळाची भाकरी थापणारा तो हात होता. त्यांच्यासारखी पातळ भाकरी आमच्या भागात फार थोड्या घरी होत असे. दवाखान्याच्या बाकावर आप्पा माझ्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "त्याचा काय दोष नाय. त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलेला. मीच ऐकला नाय."

डॉक्टरांना बोलावून गजाला सुई दिली, तेव्हा त्याचं डोकं आप्पांच्या मांडीवर होतं. ते कोणालाही धरू देईनात. त्याला चिकूखाली पुरल्यावर त्यांनी कपही त्याच खड्ड्यात टाकला. मला वाटलं आता हा माणूस अंथरूण धरेल. पण काही दिवसांत ते स्कूटर घेऊन दुकानापुढे उभे. मागे काकी, हाताला पट्टी.

"पिल्ला बघून यायचीत," आप्पा म्हणाले.

"आणि काकी कशाला?"

काकींनीच उत्तर दिलं. "यांचा कोण ऐकणार? बोलायला हे, नि हात दाखवायला मी."

पहिलं घर माझंच. लेकीने बकुळीपुढे ताट ठेवलं, आप्पा उकिडवे बसले, भातात हात घातला. बकुळीने त्यांची बोटं चाटली आणि शेपूट अशी हलवली की मागचं अंगच हलायला लागलं. आप्पांनी डोळे पुसले. लेकीला म्हणाले, "ही तुझी, बाय. पण रोज बापाला हात घालायला सांग. एक दिस पण चुकवायचा नाय."

वाणगावला पिल्लू थिजलं. घरचे ऐकेनात. "तुमीच दिलाव, आता तुमीच परत मागताव? आमचा कसा गरीब हाय बघा, आवाज पण नाय करत." तेव्हा काकींनी पुढे होऊन हाताची पट्टी सोडली. घरातल्या म्हातारीने पिल्लाचा पट्टा स्वतः आणून आप्पांच्या हातात दिला. शिरगावचंही तसंच परत आलं. ती दोन्ही मागच्या जाळीत राहिली.

सालवडच्या चाळीतल्या त्या कामगाराच्या खोलीला मात्र कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, "वो तो काम छोड़ के चला गया. कुत्ता भी साथ ले गया. कहाँ, मालूम नहीं." ज्या कंपनीत तो ठेकेदाराकडून लागला होता तिथे कोणाला पत्ता ठाऊक नव्हता. ठेकेदारही बदललेला.

आप्पांचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका पिल्लाने खाल्लं. कुत्री वाढवणं बंद केलं. सकाळी माझ्या बाकावर बसून प्रत्येक कामगाराला, ओळख असो नसो, विचारायचे, "भैया, बडा सिर वाला कुत्ता देखा क्या, गाँव में किसी के पास?" लोक हसायचे. काही जण मला डोळ्याने खुणावत, की म्हाताऱ्याचं सरकलंय. मी अशा दोघांना पुन्हा उधारीवर चिकन दिलं नाही. माणसांची डोकी मोजणंही त्यांनी सोडलं होतं. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो तेव्हा बोलायला त्रास होत होता, तरी म्हणाले, "आता भरला असेल तो. डोका बापाचाच असेल. लोका वाखाणत असतील." मी म्हटलं, "आप्पा, बकुळीसारखा निघाला असेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नाही अशी मान हलवली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

बकुळीच्या ताटात मी रोज हात घालतो. लेक हसते, बायको नाक दाबते, पण मी शेपटी हलेपर्यंत उठत नाही. जाळीतल्या दोघांसाठी माना न्यायला आता काकी येतात, डावा हात पुढे करून डबा घेतात. आप्पांच्याच बाकावर जरा टेकतात. मला आप्पांची फार आठवण येते ती त्याच वेळी.

परवा त्या बसल्या असतानाच एक गिऱ्हाईक मोबाइल पुढे करत म्हणालं, "सेठ, ये देखो, क्या चीज है!" कुठल्या तरी लांबच्या गावातला व्हिडिओ होता. मातीचं अंगण, बाजेवर बसलेली माणसं आणि मधोमध एक प्रचंड डोक्याचा बुली. अशी कुत्री आता सगळीकडे झालीत, तोच असेल असं नाही, हे मी स्वतःला सांगत होतो. काकी उठून माझ्या खांद्याशी आल्या.

"डोका बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गजाच."

एक लहान मुलगी त्याच्या गळ्यात हात टाकून उभी होती. तो हलत नव्हता. "कितना शांत है, देखो," गिऱ्हाईक कौतुकाने म्हणालं, "इतने बच्चे हैं, कुछ नहीं करता." कोणी टाकला हा व्हिडिओ, कुठला आहे, मी विचारत राहिलो. त्याला माहीत नव्हतं, त्याला तो कुणीतरी पाठवला होता. काकींनी आपला उजवा हात पदराखाली घेतला. मुलगी आत गेली, ताट घेऊन आली, ते त्याच्यापुढे ठेवून शेजारी खाली बसली, आणि तिथेच व्हिडिओ संपला.