लाल त्रिकोणाची गाडी आणि तिचे मामा

नदी आली की मामा गाडी थांबवायचे. चपला काढून सीटखाली सरकवायचे आणि अनवाणी पात्रात उतरायचे. चार पावलं टाकली की टाच वाळूत दाबून बघायची, पुन्हा चार पावलं. पलीकडे जाऊन परत यायचे, तळपाय झटकायचे आणि म्हणायचे, "इचारून आलो. या म्हंती."

मगच गाडी खाली उतरायची. नदी हे नुसतं नाव हं. बहात्तरच्या त्या दुष्काळात तिच्यात वाळू होती, बाभळीच्या शेंगा होत्या, पाणी तेवढं नव्हतं.

आरोग्य केंद्रातल्या सगळ्यांना मामांचं कौतुक. सरकारी गाडीला एवढं जपणारा ड्रायव्हर कुठं मिळतो? मी मात्र नाक मुरडायची. बावीस वर्षांची नवी कोरी नर्स, इस्त्रीचं पातळ, मनगटाला घड्याळ. वाशी नावाच्या आडगावापलीकडचा तो सगळा मुलूख माझ्याचसाठी खोळंबलाय अशी माझी समजूत.

"मामा, मुहूर्तपण काढून आणायचा का?" मी विचारायची.

"काढलाय की बाई. तुमी गप बसला की निघायचं."

त्यांचं नाव हजेरीपटावर असेल. सगळे त्यांना मामाच म्हणत. तेव्हा पंचावन्नच्या घरात असावेत. गाडी शिकले निजामाच्या राज्यात, त्यामुळे क्लच दाबतानाही अदब.

गाडी म्हणजे जीपच, पण पाठीवर पत्र्याचं घर घेतलेली. कागदोपत्री तिला स्टेशन वॅगन म्हणत. मागं समोरासमोर दोन लांब बाकं. दारावर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आणि खाली चौघांचं हसरं कुटुंब रंगवलेलं. बाहेर चौघं, आत कायम बारा. लशीची पेटी, लेकरांना वाटायच्या सुकडीची पोती, बाळंतिणी, कुणाची तरी आजारी शेळी, आणि "वाईच फाट्यापतुर" म्हणून चढलेला एखादा म्हातारा, जो फाटा गेला तरी उतरायचा नाही. मामांना स्वतःला सहा मुली. दारावरच्या चित्राकडे कुणी मुद्दाम बोट दाखवलं की ते म्हणत, "ते गाडीवर काढलंय, माझ्यावर न्हाय."

दुपारी गाडी तापायची आणि घागरभर पाणी प्यायची. प्यायला पाणी नव्हतं अशा वस्तीवरसुद्धा बाया तिला आपल्यातलं द्यायच्या. माणसांना "जपून प्या" म्हणणाऱ्या बाया.

या गाडीची खरी करामत मोठ्या गियरशेजारच्या दोन बुटक्या दांड्यांत होती. एरवी इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना. दांड्या ओढल्या की पुढची दोनही ओढायला लागत. मामा त्याला "पुढची बैलं जुंपणं" म्हणत आणि क्वचितच जुंपत. रस्ता जरा खराब दिसला की मी हुकूम सोडायची, "लावा की ते चारी चाकांचं!"

"बाई, चारी जुंपायची ती निघायला. शिरायला न्हाय."

आता माझं एक गुपित सांगते. इतक्या वर्षांनी कोण काय करणार आहे? मला लांबचं दिसत नसे. चष्मा होता, पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेला. लग्न जमेपर्यंत तो बाहेर काढायचा नाही अशी आईची ताकीद, आणि मलाही आपल्या डोळ्यांचा फार अभिमान. दिसत नव्हतं, पण होते सुंदर! जवळचं काम, सुई, थर्मामीटर, झकास चालायचं. लांबचं जग म्हणजे आमटीत बुडवलेलं चित्र. एकदा मी बाभळीवर वाळत घातलेल्या धोतराला डॉक्टरसाहेब समजून नमस्कार केला. धोतरानं उत्तर दिलं नाही म्हणून दिवसभर रुसले होते.

मामा मला कायम पुढं बसवून घेत. "समोर काय काय दिसतंय ते सांगत चला बाई. म्हंजी मला डुलकी येत न्हाय."

मला वाटलं, माझं बोलणं आवडतंय म्हाताऱ्याला. पण सांगू काय? दिसत होतं कुठं? मग मी दडपून सांगायची. "समोर शेळ्या आहेत मामा, दहा-बारा." मामा गाडी हळू करायचे, हॉर्न वाजवायचे, शेळ्या गेल्याचा अंदाज घेऊन पुढं निघायचे. मी रचलेल्या शेळ्या! खरी शेळी आडवी यायची तेव्हा मी बाभळीखालच्या म्हातारीचं वर्णन करत असायची आणि ती म्हातारीही नसायचीच. मागची माणसं ओरडायची म्हणून शेळी वाचायची.

असे आठ महिने गेले. गाडी सावकाश चालायची आणि मामांना सगळ्या वाटा पाठ होत्या. इथं धक्का बसला की उजवीकडं वळायचं, तिथं चाक खडखडलं की गाव आलं.

पण दुष्काळानं वाटाच बदलायला घेतल्या होत्या. जागोजागी सरकारी कामं निघालेली. काल बांध नव्हता, आज आहे. काल सपाट होतं, आज खडीचा ढीग.

एका दुपारी आम्ही ऑपरेशन झालेल्या चार बायांना टाके काढून घरी सोडायला निघालो. दोघींच्या मांडीवर लेकरं. एक तेरखेड्याची, फटाक्यांच्या कामावर वाती वळणारी, जिभेची वात कायम पेटलेली. आठ दिवसांपूर्वी याच वाटेनं त्यांना आणलं होतं. त्या आठ दिवसांत पाझर तलावाच्या पायासाठी वाट कापून आडवा चर खणला गेला होता, पुरुषभर खोल. बाजाराचा दिवस, कामावर चिटपाखरू नाही.

"बाई, काय दिसतंय?"

समोर मला एक काळा पट्टा दिसला. "डांबर टाकलंय मामा!" मी आनंदानं सांगितलं. "चांगला रस्ता झालाय. जाऊ द्या!"

मामांनी गाडी जरा जोरात घेतली.

"आगं आई! चर! चर हाय!" मागून तेरखेड्याची बाई किंचाळली.

मामांनी ब्रेक दाबला, पण पुढची चाकं कडेवरून घसरून माती ढासळवत खाली गेली. गाडी नाक खाली करून टेकली. लेकरं रडायला लागली. बाया पोटाला हात धरून बसलेल्या.

मामा माझ्याकडं वळले. "बाई, तुमाला दिसला न्हाय?"

मी म्हटलं, "तुम्हाला दिसला नाही?"

मागून तेरखेड्याच्या बाईचा आवाज आला, "आरं देवा! आंधळ्यानं आंधळी धरलीया आन् आमाला बसीवलंय!"

बाया एकमेकींना धरून मागच्या दारानं उतरल्या. मी एकेकीचं पोट तपासलं. सगळं शाबूत होतं. मामांनी चराच्या काठाशी बसून तळहातानं माती चाचपली, परत गाडीत चढले आणि दोन्ही बुटक्या दांड्या ओढल्या. इंजिन खोल आवाजात गुरगुरलं. पुढची चाकं ढासळलेल्या मातीत नखं रोवल्यासारखी फिरली, मागच्यांनी ओढलं, आणि ती एवढी जड गाडी बोट-बोट करत उलटी वर आली. आयुष्यात मी पुढं पुष्कळ गाड्यांत बसले, पण अशी इमानी गाडी पुन्हा बघितली नाही.

मामा उतरले ते माझ्यासमोर हात जोडूनच. "बाई, ऱ्हायल्या दोन पोरी उजवायच्या. तीन वर्सं ऱ्हायलीत नोकरीची. माझं सांगू नका कुणाला. तुमचंबी मी सांगत न्हाय."

मी "बरं" म्हणणार होते. माझंही तर झाकलं जात होतं! तेवढ्यात तेरखेड्याची बाई पुढं आली. "म्या न्हाय बसायची ह्या गाडीत. चालत जाईन."

"उन्हाचं? टाक्यांची जागा उलंल, बाई," मामा म्हणाले.

"उलू द्या की. तुमी दवाखान्यात नेताना काय म्हणला हुता? आपरेशनला भ्याचं काय, मुंगी चावल्यावानी वाटतंय. आता तुमच्या डोळ्याला चावू द्या मुंगी! तुमी का भ्याता?"

मामांनी मान खाली घातली. मग अगदी हळू म्हणाले, "भ्यातो बाई. लई भ्यातो."

मी पर्स उघडली, रुमाल सोडला, चष्मा लावला आणि मामांकडं पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरावी तसा मोतीबिंदू. आठ महिने मी त्या माणसाच्या हातभर अंतरावर बसत होते. आणि मी नर्स होते.

"डोळ्यांच्या तपासणीत दरवर्षी पास कसे झालात?" मी विचारलं.

"तक्ता तोच असतोय भिताडावरचा. नातीकडनं पाठ करून घेतला."

तेरखेड्याची बाई गाडीत बसली, पण दोन अटींवर. सिस्टरनं चष्मा काढायचा नाही आणि मामांनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांपुढं उभं राहायचं. मामांनी गाडी पहिल्या गियरच्या वर नेली नाही आणि मी पहिल्यांदाच खऱ्या शेळ्या सांगितल्या.

मामांनी शब्द पाळला. ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला आणि भीती होती तेच झालं, स्टेअरिंग गेलं. नोकरी मात्र राहिली, औषधांच्या कोठीवर. गाडीवर नवा ड्रायव्हर आला. माझं लग्न चष्म्यासकट जमलं, त्यात विशेष काही नाही. आमच्या ह्यांचा नंबर माझ्याहून मोठा निघाला.

माझी बदली व्हायच्या आधी एकदा मामा आमच्याबरोबर गाडीत आले. मागच्या बाकावर, बायाबापड्यांत, औषधांचं खोकं मांडीवर घेऊन. नवा चष्मा लावून ते त्या वाटेनं पहिल्यांदाच निघाले होते. खिडकीला तोंड लावून बसले, चष्मा वर-खाली करत. माळ गेला, डोंगर गेला, पाल्यासाठी शेंड्यापर्यंत छाटलेली झाडं गेली, सांगाड्यासारखी जनावरं गेली.

"काय झालं मामा? डोळे दुखतायत?"

"न्हाय." ते म्हणाले, "बाई, दिसत नव्हतं तवर म्या ह्या वाटेनं समद्या हिरव्यातनं गाडी हाकत हुतो."

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं दोन्ही भिंगं पुसली, पुन्हा नीट कानांवर बसवला आणि गाव येईपर्यंत बाहेर बघत राहिले.