आईची उडी
मागच्या अंगणातल्या नेच्यांचा ओला वास आला की मला हॅमिल्टनजवळचा तो धबधबा आठवतो. वीसेक वर्षांपूर्वी आई-बाबा पहिल्यांदाच परदेशात माझ्याकडे राहायला आले होते. काळ्या खडकांमध्ये हिरवागार डोह होता आणि टॉग्ज, म्हणजे इथले पोहायचे कपडे, घातलेली माझी मुलं पाण्यातून ओरडत होती, “आजी, कम इन!” आईने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, गंगेचं नाव घेतलं. मला वाटलं, झालं हिचं स्नान. तेवढ्यात तिने साडीचा काचा मारला, चपला बाबांच्या हातात दिल्या आणि खडकावरून थेट उडी घेतली. ती डोहाच्या मधोमध वर आली ती हसतच. “अगं, तुला पोहता येतं?” बाबा ओरडले. “माहेरच्या विहिरीत शिकले, पाठीला भोपळा बांधून,” ती म्हणाली. “लग्नाला चाळीस वर्षं झाली, कधी विचारलंत?” त्या उडीचा फोटो आज आमच्याकडे नाही. रस्त्यात मेंढी दिसली तरी गाडी थांबवायला लावून फोटो काढणारे बाबा त्या दिवशी गळ्यातला कॅमेरा विसरले आणि तिच्या चपला छातीशी धरून नुसते बघत राहिले.