पाटणी मॅडमचा फळा

पाटणी मॅडमनी आमच्या लिखाणाखाली कधी शाबासकी दिली नाही, आणि उत्तर तर नाहीच नाही. त्या फक्त प्रश्न विचारायच्या, तोही बहुतेक वेळा एकच: "बराबर आहे बेटा, पण हे तुला कसं कळलं?" समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आम्ही बारा जण क्षेत्रकार्यासाठी जालना जिल्ह्यात विखुरलो होतो. कुणी बदनापूरला दवाखान्यात, कुणी घनसावंगीला शाळेत, मी वडीगोद्रीजवळच्या एका वस्तीवर. रोज भेटणं शक्य नव्हतं, म्हणून मॅडमनी कॉलेजच्या संकेतस्थळावर चर्चेचं एक पान उघडून घेतलं होतं. आम्ही त्याला फळा म्हणायचो. दिवसभरात काय पाहिलं ते तिथं लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं, काही सुचलं तर सांगायचं.

मॅडमचं घराणं मूळ राजस्थानचं. पण जालन्यात इतक्या पिढ्या गेल्या होत्या की त्या रागवायच्यासुद्धा मराठीतच. जैन असल्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवायच्या आणि जेवणाआधी फळा वाचायच्या. त्यामुळे साडेपाचपर्यंत लिहून टाकायची आमची धांदल उडे. जीपमध्ये दोघींच्या मध्ये चेंगरून, गुडघ्यावर मोबाईल टेकवून मी कितीतरी वेळा लिहिलं. उशीर झाला म्हणून माफी मागितली की त्या म्हणायच्या, "जल्दी कुणाला आहे?" जल्दी त्यांनाच असायची. त्या एकट्या राहायच्या. मॅडमना घरी दुसरा उद्योग नाही म्हणून हात धुऊन आपल्या मागे लागतात, असं आम्ही आपसात म्हणायचो आणि हसायचो.

फळ्यावर गावातल्या कुणाचंही खरं नाव लिहायला बंदी होती. प्रत्येकाला एका झाडाचं नाव द्यायचं. त्यामुळे आमच्या फळ्यावर लिंबकाका होते, चिंचमावशी होत्या. माझ्या वस्तीवर एक बाई होती. तिचा आठ वर्षांचा मुलगा वर्षभर शाळेत गेला नव्हता आणि त्याला परत शाळेत पाठवणं हे माझं काम होतं. तिच्या दारात शेवग्याचं झाड होतं. मी डोकं न चालवता तिचं नाव शेवगा ठेवून मोकळी झाले.

चार वेळा जाऊनही ती धड बोलेना, तेव्हा वैतागून मी लिहिलं: "शेवगा दिवसभर दारात बसून असते. कामाला जात नाही. मुलाला शिकवायची तिला इच्छाच नाही." त्यानंतर दोन दिवसांनी तिनं नवऱ्याला फोन लावायला माझा मोबाईल मागितला. पडद्यावर फळा उघडाच होता. बाई सातवी शिकलेली. तिनं सावकाश वाचलं, मान वर करून आपल्या दारातल्या झाडाकडं पाहिलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

"ताई, उद्यापासून येऊ नगा," एवढंच म्हणाली.

मी रडत मॅडमना फोन केला. कोर्स सोडते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या वडीगोद्रीला हजर. म्हणाल्या, "चल, त्यांना वाचून दाखव."

"त्यांनी वाचलंय मॅडम."

"एकटीनं वाचलंय. तुझ्या तोंडून कुठं ऐकलंय?"

त्या बाईसमोर बसून मी स्वतःचं लिखाण वाचलं. तीनच वाक्यं होती. मॅडम शेजारी बसल्या होत्या. बाईनं सगळं ऐकून घेतलं.

"आता मी सांगते ते लिव्हा," ती म्हणाली. "पोराला झटके येतेत. मागल्या साली शाळंत हौदापाशी पडल्ता. कुनाला दिसलं न्हाई. मंग म्या घरीच ठिवला. पडला तर हात पुरला पाह्यजे, म्हनून दारात बसून राह्यले. कापूस येचायला जावं वाटत न्हाई का मला?"

मी शब्दन् शब्द लिहून घेतला. परतीच्या जीपमध्ये मॅडम म्हणाल्या, "तुझी ती पोस्ट मी त्याच दिवशी वाचली होती. मलाही बराबर वाटली बेटा. प्रश्न सुचलाच नाही." त्या संध्याकाळी त्यांनी फळ्यावर बाराही जणांसमोर हेच लिहिलं: "शेवग्याबद्दल मनीषा चुकली, आणि वाचून मी गप्प बसले." स्वतःची चूक विद्यार्थ्यांसमोर अशी मांडणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याखाली मी बाईचे शब्द टाकले. बदनापूरच्या मैत्रिणीनं झटक्यांवरच्या डॉक्टरांचा वार विचारून कळवला. घनसावंगीच्या मित्रानं, झटका आला तर शिक्षकांनी काय करायचं ते साध्या भाषेत लिहून दिलं. गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस बाई शाळेच्या पायरीवर बसून राहिली. सोळाव्या दिवशी ती कापूस वेचायला गेली, आणि पोरगा वर्गातच राहिला.

पाटणी मॅडम दोन वर्षांपूर्वी गेल्या. घरीच, अचानक. मी त्या बाईला फोन करून सांगितलं.

तिनं विचारलं, "त्यांच्यापाशी कोन होतं?"

मला माहीत नव्हतं. मी बाकीच्या अकरा जणांना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. त्या वर्षात वस्तीवरचं एकही घर मी भेटीवाचून सोडलं नव्हतं. मॅडमच्या घरी मात्र आमच्यापैकी कुणी कधी गेलंच नव्हतं.