हुकापुरता हार

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण ती घटना माझा पिच्छा सोडत नाही.

बोरीवलीत एका संस्थेने मुंबई बंदराच्या इतिहासाचं दालन उघडलं होतं. जहाजांच्या प्रतिकृती, गोदीचे जुने फोटो, बाहेर सेल्फीसाठी रंगवलेला नांगर. खंडेनवमीच्या सकाळी तिथला व्यवस्थापक तावातावाने आमच्या पोलीस ठाण्यात आला. गोदी कामगाराचा, गोण्या ओढायचा लोखंडी हूक काचेच्या पेटीतून चोरीला गेला होता. मी गुन्हा नोंदवला.

दुपारी चारकोपच्या एका फुलवालीने बीट हवालदाराला खबर दिली. "एक म्हातारा आलेला. बोलतो, हुकाला बसेल एवढाच हार दे. मला वाटलं, सटकलाय!"

आम्ही त्याच्या घरी गेलो. हूक पाटावर होता, हळदकुंकू लावलेला, झेंडूचा हार घातलेला. म्हाताऱ्याच्या बायकोने आमच्यापुढे पेढे धरले. हा चोर नव्हे, हे मला तिथेच कळलं होतं.

ठाण्यात आणून विचारलं, "काका, हूक का उचललात?"

"माझोच तो, साहेब. गोदीत जन्म गेलो माझो. त्यांका दाखवूक दिललो, देऊन टाकूक नाय. पूजेक एक दिवस मागितलंय, तर म्हणाले अर्ज करा. काल पेटी पुसूक उघडलेली, घेतलंय. उद्या परत नेऊन ठेवतलंय."

व्यवस्थापकाने इंग्रजी कागद पुढे केला. कायमचं दान, खाली म्हाताऱ्याची मराठी सही. त्याला वाचून कुणी दाखवलं नव्हतं. पेटीवरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'अज्ञात कामगाराचा हूक'. मी म्हटलं, "अज्ञात कसला? हा समोर बसलाय. तक्रार मिटवा." तो ऐकेना. दालनाच्या उद्घाटनाला आमचेच वरिष्ठ गेले होते. त्यांचा फोन आला आणि मी कागद लिहायला घेतले.

"साहेब, काय ता करा, पण माका चोर म्हणान लिवू नकात," म्हातारा हात जोडून म्हणाला.

मी लिहिलं. हूक सील करून मुद्देमालात ठेवला. खटला उभा राहण्याआधीच म्हातारा गेला, आरोपी म्हणूनच.

पुढच्या खंडेनवमीला त्याची बायको ठाण्यात आली. पूजेपुरता हूक मागत होती. कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही, असं मी तिला सांगितलं. माझ्या मागे आमच्या रायफली मांडलेल्या होत्या, कुंकू लावून, हार घालून. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

नोकरीभर मी कायदा चोख पाळला, असं लोक म्हणतात. या प्रकरणातही पाळला, आणि एका सरळ माणसाची वाट लावली. कागद बरोबर असला म्हणजे आपणही बरोबर असतो, हा माझा समज तेव्हा गेला. उशिरा गेला.

जाताना तिने पिशवीतून एक छोटा हार काढला आणि मुद्देमालाच्या खोलीच्या कडीला अडकवला. तो काढायला मी कुणाला सांगितलं नाही. तेवढंच माझ्याने झालं.