तळ्याकाठची तिसरी हाक

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. शेवटच्या दुखण्यात ते तासन्‌तास माझा हात धरून पडलेले असायचे, सांगायला वेळ भरपूर होता — तरी नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही सुमनला पाहिलेलं नाही. पाहिलं असतं, तर मला धीर झाला नसता.

सुमन माझी धाकटी नणंद. सासर मूळचं राजेगावकडचं, पण हे शाळामास्तर, आणि बदली झाली ती बिरसाच्या पलीकडे, जंगलात. मलाजखंडची तांब्याची खाण तेव्हा निघायची होती. गावामागे एक तळं होतं. बांधावरून निघालं की झाडीतली पायवाट तळ्याला वळसा घालून तासाभरात पुन्हा बांधावरच आणून सोडायची. लेकरंसुद्धा हसतखेळत फिरून येत. तिथं कुणी हरवलं, असं कधी ऐकलं नाही.

चैत्रात त्या वाटेवर मोहफुलांचा सडा पडायचा. आम्ही दोघी उजाडता उजाडता टोपल्या घेऊन वेचायला जायचो. मोहाला अस्वलंही येतात, म्हणून माझ्याकडे पत्र्याचा डबा आणि दांडकं असायचं. वाजवलं की अस्वल पळतं. आणखी एक शिकवण होती, शेजारच्या सुकवारोबाईची. जंगलातला चकवा नाव घेऊन हाक मारतो, पण दोनदाच — तिसरी हाक त्याला मारता येत नाही. "तीसरी हाँक में ही बोलना, बाई," ती बजावायची. अख्खा गाव हे पाळायचा. आम्हीही पाळायचो.

आता सुमनवर माझा राग कशाचा होता, ते सांगते. सांगायची लाज वाटते, इतकं ते क्षुल्लक आहे. माझ्या आईनं मरायच्या आधी मला एक हिरवं पातळ घेतलं होतं. सुमनच्या साक्षगंधाला सासूबाईंनी ते माझ्या पेटीतून काढून तिला नेसवलं. मला विचारलंसुद्धा नाही. आणि हे सगळं घडलं त्या दिवशी बांधावर सुमन हसत म्हणाली, "वैनी, ते हिरवं मलेच देऊन टाक ना. तुयाहून माह्यावरच खुलते."

खुलत होतं हो. तेच तर झोंबलं.

रोज आम्ही बरोबर जायचो. त्या दिवशी मी म्हटलं, तू तिकडून जा, मी इकडून येते, पलीकडे भेटू. डबा माझ्याकडेच राहिला. विसरून राहिला का? नाही. तिनं मागे वळून डब्याकडे पाहिलं होतं. मी दुसरीकडे बघितलं.

अर्ध्या वाटेवर असताना पाण्यावरून हाक आली. "वैनी —" मी थांबले. थोड्या वेळानं दुसरी आली, लांबलेली, कापरी. आवाज कुणाचा हे मला कळत नव्हतं का? दीड वर्ष एका चुलीवर स्वयंपाक केलेल्या पोरीचा आवाज! मला वाटलं, घाबरू दे. एकदा तरी घाबरू दे हिला. मी फुलं वेचत राहिले.

मग ती किंकाळी. मग मी डबा बडवत धावले. आणि अस्वल — डबा ऐकताच पळालं. झाडीत शिरतानाची त्याची पाठ तेवढी मला दिसली. इतकं सोपं होतं ते.

सुमनचा डावा डोळा गेला. गालही गेला. बालाघाटच्या दवाखान्यात दोन महिने होती. गोंदियाकडची सोयरीक मोडली, दुसरी जुळली नाही. आम्ही गेलो त्या प्रत्येक गावी ती आमच्याबरोबर आली, पदर तोंडावर ओढून.

गावानं मला विचारलंच, हाक नाही आली का? मी सांगितलं, "आलती. दोनदा. तिसरीची वाट पाहून राह्यली होती मी." साऱ्यांनी माना डोलावल्या. सुकवारोबाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुझा काय दोष, असं सासूबाईसुद्धा म्हणाल्या. आणि सुमन? तिचं तोंड बांधलेलं होतं. महिन्याभरानं बोलायला लागल्यावर तिनंही तेच सांगितलं. "हौ, दोनच मारल्या मी. तिसरी तोंडातून निघालीच नाही."

तिसरी हाक आली होती.

बारीक होती, पण पाण्यावरून स्वच्छ आली. "वैनी, डबा —" एवढीच. आणि मी काय केलं? डब्यातलं दांडकं खडखडेल म्हणून डबा पोटाशी घट्ट दाबून धरला. श्वाससुद्धा धरला. त्या पत्र्याचा गारवा मला अजून पोटाशी जाणवतो, भर उन्हाळ्यातही.

आता घरात आम्ही दोघीच आहोत. ती हाक मारते तेव्हा मी हातातलं टाकून पहिल्याच हाकेला उठते. शेजारणी म्हणतात, भावजय असावी तर अशी. मी ऐकून घेते.

मागच्या हिवाळ्यात ती न्हाणीत पाय घसरून पडली. मी परसात कपडे वाळत घालत होते. पहिली हाक नीट ऐकू आली नाही, दुसरी अर्धवट ऐकली. थांबून कान दिला, तर पुढे काहीच नाही. भास झाला म्हणून मी उरलेले कपडे वाळत घातले. आत आले तेव्हा ती ओल्या फरशीवर गप्प पडून होती. थंडीनं कुडकुडत होती.

"सुमे, आणखी एक हाक काहून नाही मारली?"

उरलेल्या एका डोळ्यानं ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही.

"मारून काय होते, वैनी?"

मी तिला उठवलं. अंग पुसलं, कोरडं पातळ नेसवलं आणि चुलीजवळ नेऊन बसवलं.