पंच्याण्णव नंबरचं रोप

आमच्या भात संशोधन केंद्रात चिमटेमावशींना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं. बत्तीस वर्षं हातात चिमटा, म्हणून चिमटेमावशी. भाताचं फूल ते केवढं, दाण्याएवढं. त्यात केसासारखे सहा पुंकेसर. संकर करायचा तर दुपार कलली की फुलाचं टोक कातरायचं, सहाच्या सहा पुंकेसर चिमट्याने उचलायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यावर हव्या त्या जातीचे पराग झटकायचे. एक जरी आत राहिला, तर फूल आपलं आपणच उरकून घेतं आणि सगळं मुसळ केरात. मावशींचा कधी राहिला नाही. मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेली माणसं त्यांच्या शेजारी बसून घामाघूम व्हायची. मावशी म्हणायच्या, "साहेब, आधी श्वास सोडा. फुलाला काही होत नाही, तुम्हीच पडाल."

मी प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. मावशींच्या भाषेत 'नळीवाला'. चिमट्याला बत्तीस वर्षं झाली होती आणि नळीला नऊ, त्यामुळे शहाणपण कोणाकडे याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. माझ्याही नव्हती.

काम होतं करप्याचं. आमच्याकडचा एक जुना भात चवीला असा की नुसता खावा, पण करपा आला की पानं कडांनी वाळत जातात आणि निम्म्या लोंब्या पोचट निघतात. मावशींचा धाकटा भाऊ अजून तोच भात लावतो. दुसरं काही लाव म्हटलं की म्हणतो, "मग ताई, तू तिथे करतेस काय?" या एका वाक्यासाठी मावशींनी त्याला शब्द दिला होता, की निवृत्त व्हायच्या आत करपा न लागणारं तेच बी ओंजळभर तुझ्या हातात देईन.

एका बेचव, उंचाड्या जातीत करप्याला दाद न देणारी तीन जनुकं होती. नव्या माणसाला मावशी सांगायच्या, "त्या घरचे तीन दागिने तेवढे घ्यायचे. स्वभाव आपल्याच घरचा ठेवायचा." म्हणून संकराचं रोप दर पिढीला पुन्हा जुन्या भाताशी जोडायचं. तिन्ही दागिने आठांतल्या एखाद्याच रोपात उतरतात, आणि कोणत्या, ते डोळ्यांना कळत नाही. तिथे माझं काम. रोप वीतभर असतानाच पानाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए काढायचा आणि त्या जनुकांना चिकटून असलेल्या खुणा, म्हणजे मार्कर, आहेत का ते तपासायचं. ज्यात तिन्ही आहेत ते ठेवायचं. बाकीची उपटून भट्टीत. नको असलेलं रोप फाटकाबाहेर न्यायचं नाही, हा नियम.

पाचव्या वर्षी मावशींच्या नजरेच्या बरोब्बर मधोमध डाग आला. मोतीबिंदू नव्हे, डोळ्याच्या पडद्याचाच आजार. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. मावशींनी हे फक्त मला सांगितलं, आणि वर दम दिला, "मोठ्या बाईंना बोललास तर बघ." मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख शास्त्रज्ञ. मी बोललो नाही.

त्या हंगामात चौऱ्याण्णव रोपं आली. डीएनए तपासायच्या माझ्या प्लेटमध्ये शहाण्णव खड्डे असतात. पहिल्या चौऱ्याण्णवांत रोपं आणि शेवटच्या दोनांत त्यांचे आईबाप. एक जुना भात, एक दागिनेवाला. त्यांचे निकाल आधीच ठाऊक असतात, म्हणून प्लेट चुकून उलट्या टोकाने लागली की ते लगेच बोंब ठोकतात. पाच वर्षं हा शिरस्ता होता.

पान कापायच्या दिवशी मावशी ट्रे घेऊन आल्या. "दोन उशिरा उगवलीत रे. ही बघ."

काडीसारखी दोन रोपं. मी म्हणालो, "राहू द्या मावशी. जागा नाही."

"आईबापांना काय रोज रोज बघायचंय? ते काय बदलणारेत? त्यांना वेगळ्या नळीत घाल आणि ही दोन घे. डोळे हे असे, माझ्या हातची शेवटचीच समज."

शेवटची म्हटल्यावर माझं काय चालणार? मी आईबापांना बाहेर काढलं आणि पंच्याण्णव, शहाण्णव म्हणून ती दोन घातली. सुरुवातीचं टोक कळावं म्हणून प्लेटच्या कोपऱ्यावर पेनाने ठिपका केला. पुढे केव्हातरी स्पिरिटचा बोळा त्यावरून फिरला असणार. गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून काढून तपासणीच्या यंत्रात ठेवताना मी ती उलटी ठेवली. दोन सेकंदांचं काम. त्या वेळी काहीही वाटलं नाही, हेच मला अजून खातं.

यादी निघाली. सात रोपं पास. मावशींनी ट्रेवर बोट फिरवत पाट्या वाचल्या, सात वेगळी केली आणि एकोणनव्वद स्वतःच्या हाताने उपटली. पंच्याण्णव उपटताना जराशा थांबल्या. "जीव धरला होता बिचाऱ्याने. घरी कुंडीत लावावं वाटतं."

"नियम आहे मावशी," मी म्हणालो. नियम सांगायला मी नेहमी तयार.

ती सात फुलावर आली तेव्हा मावशी चेहरा वाकडा करून, डोळ्याच्या कडेने बघत काम करत होत्या. एका फुलाला पूर्वी अर्धं मिनिट लागे, आता पाच. तेरा दिवस बसल्या. एकसष्ट दाणे मिळाले. पुढच्या हंगामात ते पेरले, पानं कापली, तपासली. तिन्ही दागिने एकाही रोपात नव्हते.

मी त्या सात आयांची पानं पुन्हा तपासली. त्यांच्यातही नव्हते. मग जुनी यादी शेवटून मोजत आलो. सातही रोपांचे खरे निकाल उलट्या टोकाच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होते. प्रत्येक आकडा सत्त्याण्णवातून वजा करायचा, की खरं रोप. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा कागद माझ्या सहीचा. यादीत पहिलं नाव होतं दोन नंबरचं. म्हणजे पंच्याण्णव.

मोठ्या बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मागच्या पिढीचं बी आहे. दोन वर्षं मागे जाऊ." केंद्राला दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. मावशींच्या निवृत्तीला सोळा दिवस होते.

काचघराच्या दाराशी एक बाक आहे. तिथे मी त्यांना सांगितलं. प्लेट उलटी लागली, चूक माझी, एवढंच. आईबापांना बाहेर काढल्याची गोष्ट गिळून टाकली. मावशी म्हणाल्या, "माझ्या दोघांतलं कुठलं होतं का?"

खोटं बोलायचं ठरवून आलो होतो. जीभ वळली नाही. "पंच्याण्णव होतं."

"होतं!" त्यांच्या तोंडावर क्षणभर खरोखर आनंद पसरला. मग तो गेला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाऊच होता. "नाही रे, नाही जमलं," मावशी म्हणाल्या. "नाही, नाही, कुणाची चूक नाही. माझीच. नळीवाला नको म्हणत होता, मीच हट्टाने दोन रोपं जास्तीची घुसडली." मी हातांनी नाही, नाही म्हणत होतो, त्यांना ते दिसत नव्हतं. बत्तीस वर्षं त्या तिथे होत्या. शेवटचे दोन खड्डे कशासाठी असतात, हे त्यांना मी सांगायला हवं होतं थोडंच?

फोन ठेवून म्हणाल्या, "तो म्हणतो, हरकत नाही ताई, पुढच्या वर्षी आण."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या कानाकडे. नीट बघायचं असलं की आता त्यांना जरा बाजूला बघावं लागतं.

"उपटलं तेव्हा मला ते धड दिसलंही नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुला तर चांगलं दिसतं. कसं होतं रे ते?"

मला आठवेना. मी नीट बघितला होता तो फक्त त्याच्या पानाचा नखाएवढा तुकडा.